मोटारीच्या एसीतील लपंडावी बिघाड

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील, म्हणजे रोजच्या बोलण्यातील एसीतील, बिघाडांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. कॉम्प्रेसर जाम होणे, पाइप फुटणे, फ्यूज उडणे असा कायमचा बिघाड गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाही दिसतो आणि म्हणूनच सापडतो. परंतु घरून निघताना गार हवा देणारा, अर्ध्या तासाने अचानक कोमट पडणारा आणि गाडी गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत पुन्हा सुरळीत झालेला एसी हे वेगळेच प्रकरण असते. अशा वेळी मालकाच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, मेकॅनिकला हात घालायला काही सापडत नाही, आणि दोघांचीही सुटका व्हावी म्हणून थोडा गॅस भरून गाडी परत दिली जाते. हा शेवट सर्रास दिसतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. येणारा-जाणारा बिघाड कितीही लहरी वाटला, तरी त्याला उगवण्यासाठी ठरावीक परिस्थिती लागते. ती कधी इंजिनाच्या उष्णतेची असते, कधी सिग्नलला थांबण्याची, कधी पावसाळी दमटपणाची, तर कधी घाटातल्या चढाची. ती परिस्थिती कोणती हे कळले की संशयितांची यादी आठदहा भागांवरून एकदोन भागांवर येते.

त्यासाठी यंत्रणेची मांडणी थोडक्यात ध्यानात घ्यावी लागते. गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात ते शीतकद्रव्य भारतातील बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए हे असते. ते मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर या द्रव्याची वाफ दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती वाफ बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते, ड्रायर नावाच्या नळकांड्यातून जाताना तिच्यातील ओलावा शोषला जातो, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून बाहेर पडताना दाब एकदम उतरल्याने तो द्रव थंडगार होऊन डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून घेतो, म्हणून हवा गार होते. व्यवस्थित चालणाऱ्या यंत्रणेत कमी दाबाच्या बाजूला गेजवर साधारण २ बार दाब दिसतो, ज्याला हे द्रव्य शून्य अंशाच्या आसपास उकळते. जास्त दाबाच्या बाजूला, उन्हाळ्यात, १५ ते १८ बारपर्यंतचा दाब नेहमीचाच असतो.

आता गॅस भरण्याच्या सवयीकडे पाहता येईल. एसीची यंत्रणा बंद चक्राची आहे. तिच्यातून गॅस गळू शकतो, पण गळालेला गॅस आपोआप परत येत नाही. म्हणून केवळ गळतीमुळे पडणारा फरक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाढत जाणारा असतो: आधी भर दुपारी गारवा अपुरा पडतो, मग सकाळीही पडतो, आणि शेवटी एसी पूर्ण बंद पडतो. जो एसी दहा वाजता चालतो, अकराला बंद पडतो आणि बाराला पुन्हा चालतो, त्याचा गॅस त्या दोन तासांत गेला आणि आला असे होणे शक्य नाही. याला एक खरा अपवाद आहे. काही गाड्यांत कमी दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच कमी दाबाच्या बाजूलाच बसवलेला असतो. तिथे गॅस अगदी काठावर आला की कॉम्प्रेसर सुरू होताच दाब उतरतो, स्विच तोडतो, दाब वर येतो, स्विच जोडतो, आणि काही सेकंदांच्या अंतराने टकटक असा आवाज येत राहतो. हे लक्षण इतके ठसठशीत असते की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होऊ नये.

गॅसच्या बाबतीत दुसरा गैरसमज गेजच्या वाचनाचा. इंजिन बंद असताना यंत्रणेत द्रव आणि वाफ दोन्ही असतील, तर दाब केवळ तापमानावर ठरतो; ३० अंशाला तो सुमारे ६.७ बार, म्हणजे गेजवर ९७ पीएसआयच्या आसपास दिसतो, मग आत ४०० ग्रॅम गॅस असो की १५० ग्रॅम. त्यामुळे उभ्या गाडीला गेज लावून ‘गॅस भरपूर आहे’ किंवा ‘थोडा कमी आहे’ असे सांगणे निराधार ठरते. लहान गाडीत एकूण गॅसच साधारण ३५० ते ५०० ग्रॅम मावतो, आणि तो किती आहे हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच: सगळा गॅस यंत्राने बाहेर काढून त्याचे वजन करणे, आणि इंजिनाजवळच्या चिठ्ठीवर छापलेल्या वजनाइतका पुन्हा भरणे. अंदाजाने वरून भरलेल्या जादा गॅसमुळे कंडेन्सरमधील जागा द्रवाने अडते, दुपारच्या उन्हात दाब प्रमाणाबाहेर चढतो, सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि सकाळी ठणठणीत असणारा एसी दुपारी तुटू लागतो. एका बिघाडावर उपाय म्हणून केलेल्या कामातून दुसरा लपंडावी बिघाड जन्माला येतो, तो असा. शिवाय वातावरणात सोडलेला एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. २०१६ च्या ‘किगाली दुरुस्ती’ या आंतरराष्ट्रीय कराराने याच जातीच्या द्रव्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. लहान गाडीतील ४०० ग्रॅम गॅस नळी ढिली करून हवेत सोडून देणे म्हणजे या हिशेबाने ५७२ किलो होतात, आणि तरीही ते किरकोळ काम समजले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

खरी तपासणी बिघाड चालू असतानाच्या दोन-तीन मिनिटांत करायची असते, कारण सुरळीत चालणाऱ्या एसीवर घेतलेली मापे फक्त तो चालतो एवढेच सांगतात. हवा कोमट झाल्याबरोबर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, इंजिन आणि एसी चालूच ठेवावा आणि प्रथम जाळीतून येणाऱ्या हवेचा जोर पाहावा. जोर नेहमीसारखा आहे की मंदावला आहे, या एकाच प्रश्नाने तपासाला दिशा मिळते. नंतर बॉनेट उघडून, फिरणारा पट्टा आणि कधीही आपोआप सुरू होऊ शकणारा पंखा यांपासून हात व कपडे दूर ठेवून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून आत जाणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांपैकी जाड नळीला हात लावावा. ही कूलिंग कॉइलमधून परतणाऱ्या वाफेची नळी; ती गार असेल आणि तिच्यावर दवासारखे पाणी सुटलेले असेल, तर गॅसचे चक्र आपले काम करत आहे आणि दोष आत, हवेच्या वाटेत आहे. गार आणि गरम हवेचे मिश्रण ठरवणारी झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटले की झडप मध्येच अडकते आणि डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी उपयोग होत नाही. नळी कोमट असेल, तर पुढची नजर कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे न्यावी.

ज्या गाड्यांत कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकीय क्लच असतो, त्यांत या ठिकाणी पाहण्यासारखे पुष्कळ असते. पट्ट्याने फिरणारी पुली इंजिन चालू आहे तोवर सतत फिरत राहते, तर तिच्यासमोरची पोलादी चकती, जी कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली असते, ती एसी बंद असताना स्थिर असते. या दोघींमध्ये साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटरची फट ठेवलेली असते, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपासची. पुलीच्या मागे बसवलेल्या तांब्याच्या गुंडाळीत वीज सोडली की ती चुंबक बनते, चकतीला पट्ट्यांच्या स्प्रिंगविरुद्ध ओढून पुलीला चिकटवते, खट्‌ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. हजारो वेळा चिकटून-सुटून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट रुंदावत जाते. फट रुंदावली की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, तरीही थंड इंजिनावर ती कशीबशी पुरते. पण उष्णता चढल्यावर चित्र पालटते.

समजा गुंडाळीचा विद्युतरोध २० अंशाला ३.६ ओहम आहे; १२ व्होल्टला तिच्यातून ३.३ ॲम्पिअर प्रवाह जाईल. तांब्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून इंजिनाच्या शेजारी तापून गुंडाळी १०० अंशाला पोहोचली की तोच रोध ४.७ ओहमच्या पुढे जातो आणि प्रवाह सुमारे २.५ ॲम्पिअरवर येतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने पाव हिस्सा प्रवाह घटल्यावर ओढ चाळीस टक्क्यांहून अधिक उतरते. कागदावर किरकोळ दिसणारी फट या अवस्थेत ओलांडता येत नाही. येथे एक बारकावा आहे, जो निदानाला फार उपयोगी पडतो: चकती एकदा चिकटली की मध्ये फटच उरत नाही, आणि कमी ओढीवरही ती चिकटलेली राहते. म्हणून झिजलेला क्लच चालता चालता सहसा सुटत नाही. थंडावा पुरेसा झाला म्हणून यंत्रणेने कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवला, की त्यानंतर तो पुन्हा चिकटत नाही. तासभर चांगला चाललेला एसी वाहतुकीच्या कोंडीत, इंजिनाचा कप्पा सर्वांत तापलेला असताना, एका विश्रांतीनंतर परत येत नाही आणि अर्धा तास गाडी बंद ठेवली की जणू काही घडलेच नाही असा चालू लागतो, हे वर्णन ऐकल्यावर जाणत्या कारागिराचा हात प्रथम फीलर गेजकडे, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांकडे, जायला हवा. इंजिन बंद करून फट मोजावी. ती मर्यादेबाहेर असेल तर चकतीमागची एक पातळ वॉशर काढून ती कमी करता येते. ज्या दुरुस्तीत नवा भाग लागत नाही तिच्याऐवजी पूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा मालकाने फट मोजली का हे अवश्य विचारावे.

चकती फिरत नाही एवढ्यावरून मात्र क्लचला दोषी धरता येत नाही. त्याच क्षणी क्लचच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावे लागते. तिथे १२ व्होल्टहून अधिक दाब असून चकती ओढली जात नसेल, तर दोष क्लचचा. काहीच नसेल, तर वरून आदेशच आलेला नाही, आणि शोध रिले, दाबाचे स्विच व इंजिनाच्या संगणकाकडे वळवावा लागतो. तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते: मापकावर नऊ-दहा व्होल्ट दिसतात. याचा अर्थ वीज येते आहे पण वाटेत कुठेतरी, जळलेल्या रिलेच्या टोकांवर, हिरवट गंज चढलेल्या कनेक्टरमध्ये किंवा ढिल्या अर्थिंगमध्ये, तिचा काही भाग खर्ची पडतो. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हा गंज लवकर धरतो. उभ्या गाडीत शिरून वायरींचे वेष्टन कुरतडणारे उंदीर हेही ओळखीचे कारण आहे. अशी अर्धवट तुटलेली तार खड्ड्यात जुळते आणि पुढच्या खड्ड्यात सुटते, म्हणून एसी चालू ठेवून वायरींचा जुडगा ठिकठिकाणी हलक्या हाताने हलवून पाहणे ही जुनी रीत आजही उपयोगाची आहे. रिलेची शंका असल्यास फ्यूजच्या पेटीत तसाच दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असतो. दोहोंची अदलाबदल करून पाहायला एक मिनिट पुरते.

यानंतर बर्फाचा विचार करावा लागतो, कारण एसीमध्ये बर्फ दोन वेगवेगळ्या ठिकाणी धरतो आणि दोन्हींचा परिणाम ‘थोडा वेळ चालतो, मग बंद पडतो, मग पुन्हा चालतो’ असाच असतो. पहिला बर्फ कूलिंग कॉइलच्या बाहेरच्या अंगावर साचतो. कॉइल शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून तिच्या पात्यांत एक तापमान-संवेदक खोचलेला असतो, आणि साधारण एक ते तीन अंशांवर तो कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. संवेदक जागेवरून निसटला किंवा चुकीचे तापमान सांगू लागला की हवेतला ओलावा पात्यांवर गोठत जातो. पावसाळ्याच्या रात्री, ब्लोअर कमीत कमी ठेवून केलेल्या लांबच्या प्रवासात हे हमखास घडते. जाळीतून येणारी हवा आधी बोचरी गार असते, मग तिचा जोर हळूहळू मरतो, आणि शेवटी ब्लोअर पूर्ण फिरवला तरी फक्त घरघर ऐकू येते. एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला की दहा-पंधरा मिनिटांनी हवा परत येते आणि गाडीखाली नेहमीपेक्षा किती तरी अधिक पाणी सांडते.

दुसरा बर्फ यंत्रणेच्या आत, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात धरतो. गॅसबरोबर आत राहिलेले पाणी तिथे पोहोचताच गोठते आणि वाट बंद करते. कमी दाबाच्या बाजूचा गेज शून्याकडे, प्रसंगी त्याच्याही खाली, घसरतो आणि हवा कोमट होते. प्रवाह थांबल्यामुळे व्हॉल्व्ह तापतो, बर्फ वितळतो, गारवा परततो, आणि पाणी फिरून पुन्हा तिथेच येते. या प्रकारात हवेचा जोर शेवटपर्यंत जसाच्या तसा राहतो. बदलते ते फक्त तिचे तापमान. दोन बर्फांमधला हा फरक ओळखायला हाताच्या तळव्यापलीकडे कोणतेही साधन लागत नाही. पाणी आत येते ते बहुतेक वेळा निष्काळजी दुरुस्तीतून. पाइप उघडल्यानंतर यंत्रणेत व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ, निदान अर्धा तास, चालवायचा असतो, कारण ३० अंशाला पाण्याला उकळण्यासाठी दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चोविसाव्या भागाच्याही खाली, न्यावा लागतो. पंप पाच मिनिटे फिरवून केलेल्या कामात पाणी आतच राहते. ते काही काळ ड्रायरमधील शोषक धरून ठेवतो. परंतु तापल्यावर शोषकाची धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि म्हणून हा दोषही सकाळी दडून राहतो आणि दुपारी वर येतो. ड्रायर बदलून, पंप पुरता चालवून, वजनाने गॅस भरणे हाच त्याच्यावरचा उपाय आहे.

गाडी धावताना गारवा उत्तम आणि सिग्नलला थांबली की गायब, असे असेल तर कंडेन्सरमधून हवा खेचणारा पंखा हा पहिला संशयित. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे. मे महिन्यात विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात निरोगी यंत्रणेचा दाबही १८ बारच्या घरात असतो, तेव्हा पंखा न फिरल्यास तो काही मिनिटांत ३० बारच्या आसपास जाऊन सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर तोडतो. पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील तर तो कधी फिरतो, कधी नाही, आणि खड्ड्याच्या धक्क्यानेही पुन्हा सुरू होतो. मातीने आणि किड्यांनी भरलेली कंडेन्सरची जाळी हेच लक्षण दाखवते. ती कमी दाबाच्या पाण्याने धुवावी, कारण जोराच्या फवाऱ्याने तिची नाजूक पाती वाकतात.

काही वेळा जे बिघाड म्हणून सांगितले जाते ते यंत्रणेचे नियोजित वर्तन असते. कॉम्प्रेसर चालवायला इंजिनाची दोन ते चार किलोवॉट शक्ती लागते आणि लहान इंजिनाला ती चढावर जाणवते. म्हणून भरलेली छोटी गाडी बोरघाटाच्या चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरवर असताना इंजिनाचा संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो, आणि इंजिनाचे पाणी जास्त तापले तर ते उतरेपर्यंत सोडतो. पहिली गोष्ट निरोगी गाडीतही घडते. दुसरी घडत असेल तर दोष एसीचा नसून इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष महागात पडते. स्कॅनर जोडून ‘एसीची मागणी’ आणि ‘एसीला आदेश’ या दोन नोंदी एकाच वेळी पाहिल्या की मागणी असूनही आदेश कधी अडवला गेला हे स्पष्ट दिसते. क्लच नसलेल्या, आतील तिरप्या तबकडीचा कोन बदलून कमी-अधिक गॅस ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये तर हा स्कॅनरच मुख्य आधार ठरतो. तिथे पुढची चकती सतत फिरत असल्याने नजरेला काहीच कळत नाही, आणि दोष बहुधा नियंत्रण-व्हॉल्व्ह अडकण्यात असतो.

या सगळ्याची सुरुवात मालकाने ठेवलेल्या नोंदीपासून व्हावी. एसी कधी गेला, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, धावत होती की उभी, ऊन किती होते, ब्लोअर कितीवर होता, हवेचा जोर टिकला की मेला, आणि गारवा परत यायला किती मिनिटे लागली, एवढे चार-पाच वेळचे टिपण असेल तर कुशल मेकॅनिक गाडी पाहण्याआधीच अर्धी वाट चालून गेलेला असतो. त्याच टिपणाचा दुसरा उपयोग दुरुस्तीनंतर होतो. क्लचची फट कमी केली असेल, तर सकाळच्या गार हवेत दहा मिनिटे एसी चालला म्हणून गाडी ताब्यात घेऊ नये. ती दुपारी दोनच्या उन्हात, कोंडीच्या रस्त्यावर, पाऊण तास चालवून, इंजिन पुरते तापल्यावर एसीचे बटण पाचसात वेळा बंद-चालू करावे आणि प्रत्येक वेळी बॉनेटखालून येणारा तो खट्‌ आवाज ऐकावा.